‘कळवतो’ म्हणणारी एकवीस घरं

माझं पोटापाण्याचं काम मोजण्याचं. अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय गावी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी तपासणी विभागात होतो. भाग मापात बसला तर हिरव्या खोक्यात, नाही बसला तर लाल खोक्यात. तिसरा खोका आमच्याकडे नव्हता. चौदा वर्षं हे केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. माझी बायको म्हणते की मी आधीपासूनच तसा होतो, कंपनीने फक्त पगार सुरू केला.

याच गुणामुळे आमच्या मराठी मंडळाने मला दिवाळीच्या जेवणाची पानं मोजायचं काम दिलं. त्याआधी ते काम एका काकूंकडे होतं. काकू सत्तरीच्या. आमच्यापैकी बहुतेकांच्या आधी त्या मिशिगनमध्ये आलेल्या. त्यांच्याकडे एक वही होती आणि एक टेलिफोन. कोण येणार, कोण नाही, कोणाकडे सासूसासरे आलेत, कोणाचं कोणाशी बिनसलंय, हे सगळं त्या वहीत असे. मात्र ती वही त्यांच्याशिवाय कोणालाही वाचता येत नसे. मला ही गोष्ट धोकादायक वाटत असे. काकू आजारी पडल्या तर मंडळाने काय उपाशी राहायचं?

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात माझ्या मुलीचं कॉलेजचं शेवटचं सत्र सुरू झालं. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला होती. शेवटच्या सत्रात पाच-पाच मुलांचा गट करून एक खरा प्रोग्रॅम बनवायचा, खऱ्या गिऱ्हाइकासाठी, असा विषय होता. तिच्या गटाचं गिऱ्हाईक एक दातांचा डॉक्टर होता, तो पहिल्याच आठवड्यात पळाला. मुलगी जेवताना म्हणाली, “बाबा, वी नीड अ कस्टमर. तुझं ते मंडळ चालेल. त्यांना काहीतरी प्रॉब्लेम असेलच ना?”

मी म्हटलं, मंडळाला प्रॉब्लेमच आहेत, बाकी फारसं काही नाही. त्यांतला पानं मोजण्याचा प्रॉब्लेम मी तिला दिला.

पण ही गंमत नव्हती. सांता क्लारामधल्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. पत्रात अट होती: डिसेंबरात पदवी, आणि सरासरी ठरावीक आकड्याच्या खाली जाता कामा नये. मी गणित करून पाहिलं. या एका विषयात तिला बी प्लसपेक्षा कमी मिळालं तर सरासरी त्या आकड्याखाली जात होती, तीन शतांशांनी. आणि या विषयाचे चाळीस टक्के मार्क गिऱ्हाइकाने भरून द्यायच्या फॉर्मवर होते.

म्हणजे माझ्या हातात. मी लगेच प्रोफेसरांना पत्र लिहिलं की गटातली एक विद्यार्थिनी माझी मुलगी आहे, तेव्हा मी गिऱ्हाईक होणं योग्य नाही. प्रोफेसर पूर्वी गाड्यांच्याच धंद्यात होते. त्यांनी फोन करून सांगितलं, “उलट उत्तम! बाकीच्या मुलांना गिऱ्हाईक आठवड्यातून एकदा भेटतं. हिला रोज नाश्त्याला भेटेल. तुम्ही फक्त खरं लिहा.”

खरं लिहिण्यात मला अडचण येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

या मुलांची काम करण्याची जी पद्धत होती तिला अ‍ॅजाइल म्हणत. सगळं आधी ठरवायचं नाही. दोन आठवड्यांत होईल तेवढंच काम घ्यायचं. प्रत्येक काम एका पिवळ्या कार्डावर लिहून भिंतीवर चिकटवायचं. ते झालं की आढाव्यात गिऱ्हाइकाला दाखवायचं, आणि गिऱ्हाइकाने पटलं तर कार्डावर सही करायची. रोज पंधरा मिनिटं सगळ्यांनी भेटायचं, तेही उभं राहून, म्हणजे बोलणं लांबत नाही. भिंत म्हणून त्यांनी आमचं बेसमेंट निवडलं, कारण तिथे फ्रिज होता. मी घड्याळ लावून मोजलं. पंधरा मिनिटांची ही उभी बैठक सरासरी तेवीस मिनिटं चाले, त्यातली सहा फ्रिजपाशी.

कामाला ते पॉइंट देत. हे काम दोन पॉइंटांचं, ते पाचाचं, ते आठाचं.

मी विचारलं, “पॉइंट म्हणजे किती तास?”

मुलगी म्हणाली, “तास नाही, बाबा. रिलेटिव्ह असतं.”

“कशाच्या रिलेटिव्ह?”

“एकमेकांच्या.”

मी कंपनीत इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारा माणूस. एकक नसलेला आकडा मी त्याआधी फक्त राजकारण्यांच्या भाषणात ऐकला होता. त्या दिवशी काकू बेसमेंटमध्ये आल्या होत्या, त्यांची वही प्रोग्रॅममध्ये कशी आणायची ते सांगायला. त्या खुर्चीवर बसून म्हणाल्या, “अरे, त्यात न कळण्यासारखं काय आहे? पोहे एक. साबुदाण्याची खिचडी दोन, कारण भिजवायला लागतो. पुरणपोळी आठ. तास कोण मोजतो?”

मुलीने ते इंग्रजीत सांगितलं. गटात एक उंच, लाल दाढीचा मुलगा होता, मिशिगनच्या उत्तरेकडच्या शेतावरून आलेला. प्रोग्रॅमचं मुख्य काम तोच करायचा. त्याने काकूंना विचारलं, आठाचं काम फार मोठं वाटलं तर?

“मग पुरण आदल्या दिवशी करून ठेवायचं,” काकू म्हणाल्या.

पाचही मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. हे त्यांना शिकवायला प्रोफेसरांना दोन तास लागले होते.

खरी मजा मंडळाच्या कार्यकारिणीपुढे झाली. आम्ही सात जण. अध्यक्ष नागपूरचे, मोकळ्या गळ्याचे. मुलांनी तिथे येऊन प्रोग्रॅमची पहिली स्क्रीन दाखवली, आपली पद्धत समजावली आणि शेवटी लाल दाढीवाल्याने प्रामाणिकपणे सांगितलं की गिऱ्हाइकाने मत कितीही वेळा, कधीही बदललं तरी चालेल, आम्ही बदलाचं स्वागत करतो.

 आमच्या कार्यकारिणीला हे वाक्य तोवर कोणीही, कधीही ऐकवलं नव्हतं.

“कितीही वेळा?” अध्यक्षांनी विचारलं. “यार, मग आधी हा वरचा निळा रंग बदला.”

पहिल्या दोन आठवड्यांत चौतीस बदल आले. मी नोंद ठेवली होती. त्यांतले नऊ आधीचे बदल रद्द करणारे होते, आणि दोन त्या रद्द केलेल्यांना परत आणणारे. वर गणपती हवा. नको, दिवाळी आहे, लक्ष्मी हवी. नको, आता गणपती बसवलाय तो काढायचा कसा? दहा वर्षांखालच्या मुलाचे अर्धे पैसे घ्यायचं ठरलं, तेव्हा एका सभासदाने आपला अकरा वर्षांचा मुलगा किती कमी जेवतो याचं वर्णन केलं आणि वय बारा झालं. कार्यकारिणीलाही उभी बैठक आवडली. पहिली उभी बैठक आमच्याकडेच झाली. काकूंचे गुडघे दुखत म्हणून एक खुर्ची आली, मग त्या एकट्याच बसल्यात हे बरं दिसेना म्हणून आणखी सहा आल्या, मग चहा आला. बैठक दोन तास चाळीस मिनिटं चालली. शेवटपर्यंत उभे होते ते फक्त अध्यक्ष, कारण ते बोलत होते.

मुलांनी हे सगळं निमूटपणे कार्डांवर उतरवलं. शेवटी प्रोफेसरांनी फर्मान काढलं की गिऱ्हाईक एकच माणूस असेल, त्याचाच शब्द अखेरचा. तो माणूस मी. माझ्या सहीशिवाय भिंतीवरचं एकही कार्ड ‘झालं’च्या रांगेत जाणार नव्हतं. मला मनातून बरं वाटलं. निदान एका ठिकाणी तरी काही नीट ठरेल.

आता मूळ गोष्टीकडे येतो. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक घराने उत्तर द्यायचं होतं: येणार किंवा नाही येणार, आणि किती जण. मुलांनी दोनच बटणं केली होती. पहिल्या आठवड्यात चार घरांनी उत्तर दिलं. बाकीच्यांनी काकूंना फोन केले आणि सांगितलं, “काकू, कळवतो हं.” काकू म्हणाल्या, तिसरं बटण करा. लाल दाढीवाल्याला ‘कळवतो’ म्हणजे काय ते समजेना. येणार असेल तर येणार म्हणावं, नसेल तर नाही म्हणावं. मुलीने त्याला सांगितलं की हे उत्तर नाही, हा एक प्रकारचा नमस्कार आहे. त्याने तिसरं बटण केलं, आणि दोन दिवसांत उत्तरांचा पाऊस पडला.

मग तिसऱ्या आढाव्याला मुलीने कार्ड हातात घेऊन विचारलं, “बाबा, ‘कळवतो’ मोजायचं किती?”

काकू फोनवर होत्या, स्पीकर चालू होता. त्या म्हणाल्या, “घरटी तीन धरा.”

“कशावरून तीन?” मी विचारलं.

“नेहमी तीनच पडतात. दोन यायचे ते पाच येतात, एखादं घर येतच नाही. सरासरी तीन.”

“काकू, पण त्यांनी येतो असं म्हटलेलं नाही.”

“अरे, नाही यायचं असतं तर नाही म्हणाले असते. कळवतो म्हणजे येतात. आधी कबूल केलं की मग कामाला बोलावतात, म्हणून कळवतो म्हणतात.”

“असं गृहीत धरून कंपनी चालत नाही, काकू.”

“कंपनी कुठे चालवायचीय? पंगत वाढायचीय.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. लाल दाढीवाल्याने विचारलं, “सर, नक्की ना?” मी म्हटलं, ज्याने सांगितलं नाही तो मोजला जाणार नाही, हा साधा नियम आहे. कार्ड घेतलं, त्यावर स्वतःच्या अक्षरात शून्य लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. तारीख घातल्याशिवाय मी सही करत नाही.

मुदत संपली तेव्हा आकडे असे होते. यादीतली घरं एकशे अठरा. येणार एकोणऐंशी घरं, माणसं दोनशे शहाऐंशी. नाही अठरा घरं. कळवतो एकवीस घरं. वर पाच टक्के म्हणजे चौदा पानं जादा धरून मी केटररला तीनशेचा आकडा दिला. इतका गोल आकडा येईल असं वाटलं नव्हतं. ती मला शुभ खूण वाटली.

शाळेचा हॉल होता. मुलांचं नाटुकलं झालं, गाणी झाली, जेवणाची रांग लागली. मी दारात हातातल्या मोजणीयंत्रावर एकेक माणूस मोजत होतो. दोनशे नव्वदला मी घड्याळ पाहिलं. तीनशेला बाहेर पाहिलं. पार्किंगमध्ये गाड्या अजून येत होत्या. एकेका गाडीतून आईवडील, मुलं आणि भारतातून आलेले, थंडीत स्वेटरवर स्वेटर घातलेले सासूसासरे उतरत होते. सगळे मला हसून नमस्कार करत होते. मी तीनशे सत्तेचाळीसला थांबलो.

काकूंच्या हिशेबाने एकवीस गुणिले तीन म्हणजे त्रेसष्ट, अधिक दोनशे शहाऐंशी, म्हणजे तीनशे एकोणपन्नास. त्या दोनने चुकल्या. मी सत्तेचाळीसने.

श्रीखंड आधी संपलं, मग पुऱ्या. काकूंनी कार्यकारिणीच्या घरांना रांगेतून बाहेर काढलं आणि पदर खोचून स्वतः वाढायला उभ्या राहिल्या. जेवायला बोलावलेली आमची पाच मुलंही रांगेतून बाहेर आली. लाल दाढीवाला न सांगता आपला पिकअप ट्रक घेऊन गेला आणि पिझ्झाचे खोके घेऊन आला. त्या दिवाळीला ट्रॉयमधल्या अनेक घरांनी पिझ्झा लसणाच्या चटणीशी खाल्ला. एका आजोबांनी तो बरा लागतो असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणी जमली, या वेळी पहिल्यापासून बसून. मुलगी गटातर्फे आली होती.

अध्यक्ष म्हणाले, “यार, पोरांनी प्रोग्रॅम चुकवला. इज्जत गेली. प्रोफेसरला कळवलं पाहिजे.”

“मशीनवर सोडलं की असंच होतं,” दुसरे म्हणाले.

मुलगी म्हणाली, “सॉरी, अंकल. आम्ही एक अझम्प्शन नीट चेक केलं नाही.”

 काकूंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. ते शून्य माझं होतं हे मी सांगितलं नाही. चौदा वर्षं दुसऱ्यांचे भाग लाल खोक्यात टाकणारा मी, त्या दिवशी चहाच्या कपात पाहत बसलो.

पुढचे सहा दिवस मी तो प्रोग्रॅम तपासला. मला त्यात चूक हवी होती. एखादी बेरीज, एखादं घर दोनदा, काहीही. मी एकशे अठरा घरांची यादी हाताने ताडून पाहिली. बेरीज बरोबर होती. प्रत्येक कार्डावर जे लिहिलं होतं ते प्रोग्रॅम तंतोतंत करत होता. शेवटी मी ‘कळवतो’ म्हणणारी एकवीस घरं एकेक वाचली. सतरावं घर आमचं होतं.

मी बायकोला विचारलं, “हे तू भरलंस?”

“हो.”

“‘कळवतो’? मी स्वतः पानं मोजतोय, मुलीने प्रोग्रॅम केलाय, आणि आपण कळवतो?”

“माझी बहीण शिकागोहून येणार की नाही ते ठरत नव्हतं. मग काय भरणार?” ती म्हणाली. “का हो, आपल्याला किती धरलंत?”

मी यादीची घडी घातली. तिला आकडा समजला, कारण ती बराच वेळ हसत होती.

मी बेसमेंटमध्ये गेलो. भिंतीवर एकतीस कार्डं ‘झालं’च्या रांगेत असायला हवी होती. मोजली तर तीस. माझं शून्याचं कार्ड नव्हतं. मुलीला विचारलं.

“मी काढून ठेवलंय,” ती म्हणाली.

“का?”

“आम्ही कस्टमरला ब्लेम करत नाही, बाबा. इट्स बॅड फॉर्म. आणि तू बाबा पण आहेस. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट. तूच लिहिलं होतंस ना प्रोफेसरांना?”

“आणि मार्क?”

“जे मिळतील ते.”

“तीन शतांशांनी जाईल नोकरी.”

“आय नो. तू चार वेळा सांगितलंयस.”

मी म्हटलं, कार्ड दे. तिने पुस्तकातून काढून दिलं. माझंच अक्षर, माझीच सही, माझीच तारीख. पुरावा तयार करण्यात मी कुठेही कमी पडलो नव्हतो.

डिसेंबरात वर्गात शेवटचा आढावा होता. गिऱ्हाइकाचा फॉर्म एक पानी होता. पहिला प्रश्न: ठरलेल्या कामांपैकी किती पूर्ण झाली? एकतीसपैकी एकतीस. दुसरा प्रश्न: गरज भागली का? इथे ‘हो’ लिहावं तर सत्तेचाळीस माणसं पिझ्झा खाऊन गेली होती. ‘नाही’ लिहावं तर चाळीस टक्क्यांतले बरेचसे जात होते. मी ‘नाही’ लिहिलं. फॉर्ममध्ये कारणासाठी एक ओळ होती, ती पुरणार नव्हती म्हणून मागच्या बाजूला लिहिलं की प्रोग्रॅमने गिऱ्हाइकाने सांगितलं तेच केलं, गिऱ्हाइकाने चुकीचं सांगितलं, आणि सांगताना त्याला दोनदा सावध केलं गेलं होतं. कार्ड सोबत जोडलं. खाली पट्टीने रेघ मारून एक जादा रकाना आखला: ‘गिऱ्हाइकाचं काम, पाचपैकी’. त्यात एक भरला. मग हेच वर्गापुढे वाचून दाखवलं. पद्धतीप्रमाणे उभं राहून. चार मिनिटं लागली.

प्रोफेसरांनी मुलांना विचारलं, “बरोबर आकडा कोणाला माहीत होता?”

लाल दाढीवाला म्हणाला, “काकूंना.” त्याला तो शब्द आता स्वच्छ म्हणता येत होता.

“मग त्यांना गिऱ्हाईक का केलं नाही?”

मुलगी म्हणाली, “वही त्यांची होती. पण फॉर्मवर नाव बाबांचं होतं.”

“आणि यांचं नाव फॉर्मवर कोणी घातलं?” प्रोफेसरांनी विचारलं. मग स्वतःच सांगितलं, “मी. ते मी माझ्याच खात्यावर मांडतो. पण तुम्ही मला येऊन हे सांगायला हवं होतं.”

एवढ्यासाठी त्यांनी गटाचे मार्क कापले. बी प्लस मिळाला. सरासरी त्या आकड्यावर जेमतेम राहिली. मी दोनदा करून पाहिली. मी कार्यकारिणीलाही पत्र पाठवलं, कार्डाच्या प्रतीसह. अध्यक्षांनी फोन केला, “यार, हे त्याच दिवशी बोलला असतास तर बैठक लवकर संपली असती.” ते खरं होतं. पानं मोजायचं काम काकूंकडे परत गेलं, प्रोग्रॅमसकट. लाल दाढीवाल्याने परीक्षा संपल्यावर येऊन शून्याच्या जागी तीन घातले. दहा मिनिटं लागली. त्याने ते काम एका पॉइंटाचं धरलं. काकूंनी त्याला चकल्यांचा डबा दिला.

मुलगी जानेवारीत सांता क्लाराला गेली. पंधरा दिवसांत मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आणि जेवण होतं. मी तिला फोन करून विचारलं, शनिवार-रविवार जोडून येतेस का?

“कळवते, बाबा,” ती म्हणाली.

मी आमच्या घराचा फॉर्म उघडला आणि तिसरं बटण दाबलं.

संक्रांतीच्या जेवणाला मी दारात मोजायला नव्हतो. काकूंनी नंतर सांगितलं, अंदाज दोनशे चारचा होता, आले दोनशे सहा. मुलगी आली नव्हती. तिच्या नावाची गुळपोळी कोणी खाल्ली, याची नोंद प्रोग्रॅममध्ये होत नाही.